गुडघा किती वाकवायचा?

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत एक्स-रेच्या खोलीत उभं राहून काम करणाऱ्या टेक्निशियनांसाठी हे पुस्तक आहे. विषय एकच, गुडघ्याच्या वाटीचा फोटो. एवढ्याशा हाडासाठी अख्खं पुस्तक कशाला, असं विचारणारे भेटले. खोलीत रोज काय चालतं ते पाहिलं की उत्तर मिळतं. गुडघा दुखतो म्हणून माणूस येतो. एक फोटो समोरून, एक बाजूने, झालं. समोरच्या फोटोत वाटी मांडीच्या हाडावर पडून त्यात विरघळून जाते. बाजूच्या फोटोत ती दिसते, पण तिच्या मागचा भाग आणि ज्या खाचेत ती सरकते ती खाच कळत नाही. वाटी आणि खाच एकमेकांशी कशी बसली आहेत हे दाखवणारा तिसरा फोटो, ज्याला आपण स्कायलाइन म्हणतो, बहुतेक वेळा काढलाच जात नाही. काढला तर गुडघा हाताला येईल तसा वाकवून काढतात.

माझं म्हणणं सगळ्या पुस्तकात तेच आहे आणि ते इथेच सांगून टाकतो. वाटीच्या फोटोचं यश मशीनवर फार थोडं अवलंबून असतं. गुडघा किती अंशांत वाकवला आणि मांडी सैल होती की ताठ, या दोन गोष्टींवर ते ठरतं. या दोन्ही गोष्टी टेक्निशियनच्या हातात आहेत, आणि शिरपूर-चोपड्याच्या सरकारी रुग्णालयातही त्या मुंबईइतक्याच चांगल्या करता येतात.

वाटी हे स्नायूच्या दोरीत वाढणारं हाड. अशी हाडं शरीरात बरीच आहेत. वाटी त्यांतली सगळ्यांत मोठी. मांडीचा पुढचा मोठा स्नायू तिला वरून धरतो, खालून ती जाड पट्ट्याने नडगीला बांधलेली असते. विहिरीवरच्या कप्पीमुळे दोराची दिशा बदलते आणि ओढ सोपी होते, तसं काम ती करते. एके काळी हे काम कुणाच्या लक्षात नव्हतं. १९३७ साली ब्रुक या इंग्रज शल्यविशारदाने मांडलं, की वाटी निरुपयोगी आहे, फुटली तर सरळ काढून टाकावी. पुढे कित्येक वर्षं ती काढली जात होती. १९७१ मध्ये कॉफर यांनी मोजून दाखवलं, की पाय पूर्ण सरळ करताना शेवटच्या काही अंशांत लागणाऱ्या ताकदीतला सुमारे ३० टक्के वाटा वाटीमुळे मिळतो. वाटी काढलेला माणूस उठतो, चालतो. पण खुर्चीतून उठताना आणि उतार उतरताना त्याचा गुडघा दगा देतो. आज फुटलेली वाटी जोडण्याचा आटापिटा होतो तो यामुळे, आणि जोडायची तर आधी ती नीट दिसली पाहिजे.

वाटीच्या पाठीवरची कूर्चा शरीरातल्या सांध्यांमधली सर्वांत जाड. ती उगाच जाड नाही. सपाट जमिनीवर चालताना वाटीवर फारसा भार येत नाही. जिना चढता-उतरताना तो शरीराच्या वजनाच्या तीनेक पट होतो आणि खोल उकिडवं बसताना सात-आठ पट. आता खान्देशातली निंदणी डोळ्यांपुढे आणा. साठ किलो वजनाची बाई दिवसभर उकिडवी बसून, तशीच पुढे सरकत, एकेक ओळ निंदत जाते. उठते तेव्हा दर वेळी चारशे किलोच्या वरचा दाब तिच्या वाटीच्या मागे पडलेला असतो. घरी येऊन चुलीपुढे पुन्हा तीच बैठक. ही बाई चाळिशीत गुडघा घेऊन आली, समोरच्या फोटोत सांध्यातली फट चांगली दिसली, की तिला सांगितलं जातं, “फोटो नॉर्मल आहे.” तिचा आजार मांडी आणि नडगी यांच्या मधल्या फटीत नसतोच. तो वाटी आणि खाच यांच्या मध्ये असतो, आणि तिथला फोटो कुणी काढलेला नसतो. मला या कामात सगळ्यांत जास्त खुपते ती ही गोष्ट. दुखणं खरं असून कागदावर ते खोटं ठरतं.

बाकीचे रुग्ण अपघाताचे. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. मोटरसायकलवरून गुडघ्यावर पडलेला, गाडीच्या डॅशबोर्डवर गुडघा आदळलेला, असे रुग्ण रात्री-बेरात्री येतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात ओल्या बागेतून वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन निघालेला मजूर घसरतो आणि घड वाचवायच्या नादात सगळं वजन गुडघ्यावर घेतो. आणि एक वर्ग असा, ज्याची दखलच कमी घेतली जाते: चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आणि कबड्डी खेळणारी मुलं, ज्यांची वाटी मध्येच बाहेरच्या बाजूला निसटते आणि आपोआप जागेवर येते. दवाखान्यात पोचेपर्यंत गुडघा सरळ झालेला असतो. त्यांना नेमका स्कायलाइनच हवा असतो. निसटताना वाटीच्या आतल्या कडेचा किंवा मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या उंचवट्याचा टवका उडाला असेल, तर तोही बऱ्याचदा तिथेच सापडतो.

पहिल्या प्रकरणात समोरचा आणि बाजूचा फोटो आहे. तो भाग बहुतेकांना येतो, म्हणून इथे दोनच गोष्टी सांगतो. वाटीसाठी खास फोटो हवा असेल तर रुग्णाला पालथं झोपवा, म्हणजे वाटी कॅसेटला टेकेल आणि रेखीव येईल. टाच किंचित बाहेर वळवली की वाटी कॅसेटला समांतर होते. उताणं झोपवून काढलं तर वाटी कॅसेटपासून लांब राहते आणि मोठी, धूसर दिसते. अर्थात सुजलेल्या, फुटलेल्या गुडघ्यावर कुणाला पालथं करू नये. तिथे उताणाच फोटो बरा. दुसरी गोष्ट बाजूच्या फोटोची. वाटी फुटल्याची शंका असेल तर गुडघा पाच-दहा अंशांपलीकडे वाकवू नका. वाकवला की वरचा स्नायू वरचा तुकडा ओढतो, आणि जे तुकडे शेजारी-शेजारी होते ते आपल्या हातून लांब जातात. रुग्णाला न हलवता ट्यूब आडवी करून काढलेल्या फोटोत आणखी एक फायदा असतो. हाडाच्या आतली चरबी सांध्यात उतरून रक्तावर तरंगत असेल, तर त्यांच्यामधली सरळ रेघ दिसते. फट दिसली नाही तरी ही रेघ दिसली, की हाड कुठेतरी फुटलं आहे असं समजावं.

वाटी वर चढली आहे की खाली उतरली, हे मोजायचं तर गुडघा तीसेक अंश वाकवून बाजूचा फोटो लागतो. इन्सॉल आणि साल्वाती यांनी १९७१ मध्ये दिलेलं माप सोपं आहे. वाटीखालच्या पट्ट्याची लांबी भागिले वाटीची लांबी. उत्तर साधारण एक यावं, १.२ च्या वर गेलं तर वाटी उंच, ०.८ च्या खाली आलं तर खाली. उंच वाटी खाचेत उशिरा शिरते, म्हणून निसटायला मोकळी असते. निसटणाऱ्या वाटीच्या मुलीत हे माप घ्यायला विसरू नये.

आता स्कायलाइन. पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग त्यालाच दिला आहे.

१९२१ मध्ये सेटेगास्ट या जर्मन डॉक्टरांनी दिलेली पद्धत आजही आपल्याकडे सर्वांत जास्त वापरली जाते, कारण ती सोपी आहे. रुग्ण पालथा, गुडघा काटकोनापेक्षाही जास्त वाकवलेला, किरण वाटीच्या कडेला घासून जाणारा. फोटो सुरेख येतो. वाटीचा आकार, तिची उभी भेग, मागच्या पृष्ठाची झीज, सगळं दिसतं. उभी भेग तर समोरच्या आणि बाजूच्या फोटोत निसटण्याचीच शक्यता जास्त, ती इथे स्पष्ट येते. पण एक मोठी उणीव राहते. गुडघा इतका वाकला की वाटी खाली सरकून मांडीच्या दोन उंचवट्यांच्या मध्ये घट्ट बसते. पाय सरळ असताना जी वाटी बाहेर कलते, ती इथे गुपचूप सरळ होते. शिवाय दिसणारी खाचही खालची असते. वाटी पहिल्यांदा जिथे शिरते ती वरची उथळ खाच फोटोत येतच नाही. निसटणाऱ्या वाटीच्या मुलीचा असा फोटो काढला, तर तो तिच्याविरुद्ध साक्ष देतो.

हे ओळखून कॅलिफोर्नियातले ऑर्थोपेडिक सर्जन अ‍ॅलन मर्चंट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये वेगळी मांडणी दिली. रुग्ण उताणा, गुडघे टेबलाच्या टोकाला, पाय खाली सोडून गुडघा ४५ अंश वाकलेला. ट्यूब डोक्याच्या बाजूने, किरण आडव्या रेषेपासून ३० अंश खाली झुकलेला. कॅसेट नडगीवर, गुडघ्यापासून फूटभर खाली, किरणाला काटकोनात. दोन्ही वाट्या एकाच फोटोत, म्हणजे डावी-उजवी तुलना तिथल्या तिथे. त्या फोटोवर त्यांनी दोन मापं बसवली. खाचेचा कोन, ज्याची सरासरी १३८ अंश निघाली. कोन जितका मोठा तितकी खाच उथळ. आणि वाटीच्या मागची धार खाचेच्या मध्यापासून किती सरकली आहे तो कोन, ज्याची सरासरी उणे ६ अंश, म्हणजे निरोगी वाटी किंचित आतल्या बाजूला असते. चार वर्षांनी, १९७८ मध्ये, मॉन्ट्रियलच्या लॉरिन यांनी गुडघा आणखी सरळ केला, फक्त २० अंश. त्या अवस्थेत वाटी खाचेत नुकतीच शिरत असते, तिला अजून आधार मिळालेला नसतो, म्हणून तिचा कल लपत नाही. मात्र हा फोटो काढायला अवघड. किरण पायाच्या बाजूने वर जातो, नडगीचा उंचवटा मध्ये येतो, अंश-दोन अंश चुकले तर वाटी मांडीच्या हाडात बुडते.

कोणता काढावा? माझा कौल मर्चंटला. २० अंशांचा फोटो जास्त खरं सांगतो हे मान्य. पण आपल्या गर्दीत, आपल्या टेबलांवर तो पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, आणि पुन्हा घेतलेला प्रत्येक फोटो रुग्णाच्या अंगावर जादा किरण टाकतो. ४५ अंश हा कल दिसण्याइतका सरळ आणि हाताला बसण्याइतका वाकलेला कोन आहे. लॉरिन ज्यांना जमेल त्यांनी निसटणाऱ्या वाटीसाठी जरूर काढावा. सेटेगास्ट झिजेसाठी आणि जुन्या दुखण्यासाठी ठेवावा; वाटी आडवी फुटल्याची शंका असेल तिथे कधीच नाही.

अडचण येते ती इथून पुढे. मर्चंटसाठी परदेशात टेबलाला लावायची खास चौकट मिळते. आपल्याकडे ती नसते, आणि नसली म्हणून अडत नाही. गावातल्या सुताराकडून ४५ अंशांची लाकडी पाचर करून घ्या. टेबलाच्या टोकाला रुग्णाच्या मांड्या सपाट राहतील एवढी जाड घडी गुडघ्यांखाली द्या, पोटऱ्या पाचरीवर टेकवा, दोन्ही पाय पट्ट्याने एकत्र बांधा, पंजे वर. कॅसेट नडगीवर उभी करून वाळूच्या पिशवीने टेकवा; माणसाला धरायला लावायची वेळ येऊ नये. कॅसेट गुडघ्यापासून लांब असल्याने वाटी मोठी दिसते, म्हणून ट्यूब नेहमीच्या १०० सेंटिमीटरवर न ठेवता जमेल तितकी मागे घ्या, खोली असेल तर सहा फुटांपर्यंत. अंतर वाढलं की किरण अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे दुप्पट अंतराला चौपट एमएएस लागतात. त्याचं कोष्टक पुस्तकात आहे. बकी वापरू नका, एवढ्या पातळ भागाला तिची गरज नाही.

काही खोल्यांत ट्यूब इतकी खाली येत नाही, किंवा म्हातारा माणूस झोपायला तयार नसतो. तिथे बसूनही फोटो निघतो. रुग्ण खुर्चीच्या टोकाशी बसतो, पाय खुर्चीखाली सरकवतो, कॅसेट गुडघ्याखालच्या छोट्या स्टुलावर, किरण सरळ वरून. गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकतो, म्हणून सेटेगास्टची उणीव यातही आहे. झीज बघायची असेल तर मात्र हा उत्तम आणि रुग्णाला सोपा.

पाचर आली, अंश जुळले, तरी एक गोष्ट उरते, आणि तिच्यावर इंग्रजी पुस्तकांत एखादंच वाक्य असतं: मांडी सैल हवी. मर्चंट यांनी पट्टा बांधायला सांगितला तो यासाठीच, की पाय सांभाळायचं काम रुग्णाच्या स्नायूंनी करू नये. स्नायू ताठ झाला की तो वाटीला ओढतो, वाटीची जागा बदलते, आणि फोटोत दिसते ती ओढलेली वाटी. अंधाऱ्या खोलीत, थंडगार टेबलावर, अनोळखी माणसापुढे लुगडं गुडघ्यावर सरकवून पडलेल्या साठीच्या बाईची मांडी सैल राहील कशी? धुळ्याला मी एका टेक्निशियनला काम करताना पाहिलं. म्हातारीने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून ठेवली होती. त्याने आधी तिच्या पायांवर चादर टाकली, नुसती वाटीपुरती जागा उघडी ठेवली. मग अहिराणीत म्हणाला, “मांडी ढिली सोड, माय. पट्टा बांधेल शे.” तिने मान हलवली, हात काही सोडले नाहीत. तो बोलत राहिला, पाऊसपाण्याचं, गावाचं. बोलता बोलता दोन बोटांनी वाटी अलगद आत-बाहेर हलवून पाहिली. हलली नाही, थांबला. थोड्या वेळाने पुन्हा पाहिली, तेव्हा ती बोटांखाली सहज सरकली. मग तो काचेमागे गेला आणि बटण दाबलं.

सैल मांडी ओळखायची याहून चांगली खूण मला माहीत नाही. वाटी बोटाने सरकते तोवर स्नायू सैल आहे. जागची हलत नसेल तर फोटो काढू नका. ताज्या मारात मात्र ही परीक्षा करायची नाही. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल पाड्यांवरून आलेल्या रुग्णाला मराठी आणि अहिराणी दोन्ही समजत नसेल, तर आधी आपल्या पायावर करून दाखवा: मांडी आवळून, मग सोडून. बोदवड-मुक्ताईनगरकडे गुडघ्याला टोंगळा म्हणणारे भेटतील. त्यांच्या तोंडचा शब्द आपण वापरला की मांडी लवकर सुटते. हा भाग मी पोझिशनिंगमध्येच धरतो.

एका प्रकरणाबद्दल वेगळं बोललं पाहिजे, कारण त्यात रुग्णाच्या गुडघ्यापलीकडचं काहीतरी पणाला लागतं. काही लोकांची वाटी जन्मापासून दोन भागांत असते. मूळ हाडाला एक छोटा तुकडा नीट जुळलेला नसतो, बहुतेक वेळा वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात. शंभरात साधारण दोन जणांत असं आढळतं. त्रास नसतो, माणसाला पत्ताही नसतो. मग गावात भांडण होतं, गुडघ्यावर लाठी बसते, पोलिसांच्या पत्रावर माणूस येतो आणि फोटोत “तुकडा” दिसतो. आपल्या कायद्यात हाड मोडणं म्हणजे गंभीर दुखापत. जुन्या दंडविधानात ते कलम ३२० होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ११६. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंतची शिक्षा, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत. जन्मजात दुभंगलेल्या वाटीला फ्रॅक्चर म्हटलं, की एक माणूस सहा वर्षं जास्त तुरुंगाच्या उंबऱ्यावर उभा राहतो. उलटही होऊ शकतं: खरं फ्रॅक्चर “जन्मजात” म्हणून सुटतं आणि मार खाणाऱ्यावर अन्याय होतो. ओळखायचं कसं? जन्मजात फटीच्या कडा गुळगुळीत आणि गोलसर असतात, तुकडा ठराविक कोपऱ्यात असतो. मोडलेल्या हाडाच्या कडा टोकदार असतात. आणि जन्मजात दुभंग बऱ्याचदा दोन्ही पायांत असतो. म्हणून अशा प्रकरणात डॉक्टरांना विचारून दुसऱ्या गुडघ्याचाही फोटो घ्या. निदान डॉक्टरांचं, पण ते ज्या फोटोवरून होतं तो तुमचा.

लहान मुलांबद्दलही एक खुलासा. वाटीत हाड धरायला तीन ते सहा वर्षांच्या वयात सुरुवात होते. त्याआधी ती नुसती कूर्चा, आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. दोन वर्षांच्या मुलाचा फोटो पाहून “पोराला वाटीच नाही” म्हणून हबकलेल्या आई-वडिलांना हे तिथेच समजावून सांगा.

डार्करूमवरचं प्रकरण छोटं आहे, कारण सीआर आणि डीआर आल्यावर ते दिवस सरले. पण ज्यांनी हाताने फिल्म धुतली त्यांना आठवत असेल, डेव्हलपर २० अंश सेल्सिअसला हवा आणि एप्रिल-मे महिन्यांत भुसावळला बाहेर पंचेचाळीस. टाकीतलं पाणीच तापलेलं. फिल्म काळपट, धुकट यायची आणि वाटीची बारीक कड त्यात पहिली हरवायची. टाकीभोवती बर्फ लावून काम करावं लागे. डिजिटलमध्ये धोका उलटा आहे. किरण जास्त टाकला तरी पडद्यावर फोटो छानच दिसतो, त्यामुळे एमएएस वाढवायची सवय नकळत लागते. पडद्यावरचा एक्स्पोजर इंडेक्स रोज बघा.

किरणांबद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही सारख्याच वाईट. गुडघ्याच्या एका फोटोत रुग्णाला मिळणारी मात्रा ०.००५ मिलिसिव्हर्टच्या आसपास. निसर्गातून माणसाला वर्षभरात जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. पण स्कायलाइनमध्ये किरणाची दिशा महत्त्वाची. मर्चंटमध्ये किरण पायांकडे जातो. लॉरिनमध्ये तो पायांकडून पोटाकडे येतो. तिथे मांडीवर आणि पोटावर शिशाचा एप्रन ठेवल्याशिवाय बटण दाबू नका, आणि बाईला पाळी कधी आली हे आडपडदा न ठेवता विचारा. खोलीत गर्दी करून उभ्या नातेवाइकांना बाहेर काढा. तुमची स्वतःची मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवून दिली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. टीएलडी बॅज खुंटीला टांगलेला असेल तर तो खुंटीची मात्रा मोजतो, तुमची नाही. तो छातीवर हवा.

आता डॉक्टरांना विनंती. चिठ्ठीवर “एक्स-रे नी” एवढंच लिहिलेलं असतं. टेक्निशियनने त्यातून काय समजायचं? झीज बघायची आहे, वाटी निसटते आहे की मार लागला आहे, हे तीन शब्दांत लिहा. त्यावर कोन ठरतो. आणि टेक्निशियनला विनंती: फोटोवर डावं-उजवं लिहिता तसे अंशही लिहा. “स्कायलाइन ४५”, “स्कायलाइन ९०”. आज जळगाव-धुळ्याच्या कित्येक फोटोंचं वाचन दुसऱ्या शहरात बसलेला रेडिओलॉजिस्ट करतो. त्याने रुग्ण पाहिलेला नसतो. गुडघा किती वाकलेला होता हे त्याला कळलं नाही, तर सरळ दिसणारी वाटी खरोखर सरळ आहे की कोनाने सरळ केली, हे तो सांगू शकत नाही. वर्षाने पुन्हा फोटो निघाला तर तुलनाही करता येत नाही. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्या आधीपासून. तिथे शिकणाऱ्या मुलांनी ही सवय पहिल्या महिन्यात लावून घेतली, तर दोन्ही जिल्ह्यांत ती पसरायला वेळ लागणार नाही.

या विषयाची मोठी पुस्तकं इंग्रजीत आहेत. कॅथलीन क्लार्क यांचं १९३९ मध्ये आलं, व्हिनिता मेरिल यांचं १९४९ मध्ये; दोन्ही नव्या आवृत्त्यांतून आजही चालू आहेत आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी ती वाचावीच. पण ती पुस्तकं कपाटात असतात, आणि दुपारी दोनच्या गर्दीत हाताशी लागतं ते दोन पानांचं, आपल्या भाषेतलं. म्हणून या पुस्तकात प्रत्येक पोझिशन एका उघड्या जोडपानावर मावेल अशी मांडली आहे: डावीकडे आकृती, उजवीकडे अंश, अंतर, केव्ही, एमएएस आणि हमखास होणाऱ्या चुका. शब्द खोलीत बोलले जातात तेच ठेवले आहेत. कॅसेटला कॅसेट आणि ट्यूबला ट्यूबच म्हटलं आहे. केव्ही आणि एमएएसचे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. प्रत्येक मशीनचा स्वभाव निराळा, आणि व्होल्टेज घसरलं की तो आणखी बदलतो, म्हणून शेवटच्या कोष्टकात एक रकाना कोरा सोडला आहे. आपल्या मशीनवर जो आकडा बसेल तो त्यात पेन्सिलीने लिहा, आणि ट्यूब बदलली की खोडून नवा लिहा.